अर्धवट रूट कॅनाल आणि बंद दवाखाने

रूट कॅनाल एकाच सिटिंगमध्ये उरकतं असं नाही. संसर्ग जुना असेल, आत पू असेल तर डॉक्टर पहिल्या खेपेला दाढ उघडतात, मेलेली नस काढतात, मुळांच्या नळ्या धुऊन त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरतात आणि वर तात्पुरतं फिलिंग लावून घरी पाठवतात. पुढची तारीख आठवडा-दोन आठवड्यांनंतरची असते. माझी पुढची तारीख मार्च २०२०च्या शेवटी होती. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं आणि त्यानंतर जे सगळ्यात आधी बंद झालं त्यात दातांचे दवाखाने होते. दवाखान्यातून मेसेज आला: अपॉइंटमेंट पुढे ढकलली आहे, नवीन तारीख कळवू. कधी, ते सांगणं त्यांच्याही हातात नव्हतं.

दाढ दुखत नव्हती, त्यामुळे मीही फार मनावर घेतलं नाही. नस काढलेल्या दाढेला गार-गरम कळत नाही. ती गप्प बसते आणि आपल्याला वाटतं, बरी झाली. तात्पुरतं सिमेंट मात्र फार तर काही आठवडे तग धरतं. मग ते झिजतं, कडेला फट पडते आणि लाळेबरोबर तोंडातले जंतू पुन्हा नळ्यांत उतरतात.

दातांचेच दवाखाने इतक्या तडकाफडकी का बंद झाले, हे तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. कारण दाढ कोरायच्या यंत्रात आहे. एअरोटर मिनिटाला दोन ते चार लाख फेऱ्या घेतो. तो तापू नये म्हणून सतत पाणी सोडावं लागतं आणि त्या पाण्याचा, लाळेचा, रक्ताचा मिळून बारीक फवारा खोलीभर उडतो. डॉक्टरांचा चेहरा आपल्या तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर, आणि आपण मास्क लावूच शकत नाही. दात साफ करायच्या यंत्राचंही तेच. त्यामुळे १६ मार्चला अमेरिकन डेंटल असोसिएशनने दंतवैद्यांना तातडीचं सोडून बाकी सगळं पुढे ढकलायला सांगितलं. इंग्लंडमध्ये २५ मार्चला नेहमीची दंतसेवा थांबली ती ८ जूनपासून हळूहळू सुरू झाली. मधल्या काळात तिथे फोनवर सल्ला, वेदनाशामक, गरज असली तर अँटिबायोटिक, आणि त्यानेही भागलं नाही तरच ठरावीक तातडीच्या केंद्रांत पाठवणी, अशी पायरीपायरीची व्यवस्था होती. भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचना मे महिन्यात आल्या. कंटेनमेंट झोनमधले दवाखाने बंद, फोनवरून सल्ला चालू, आणि इतर ठिकाणीही प्रत्यक्ष उपचार तातडीचेच. देश कुठलाही घ्या, साचा साधारण हाच होता.

या सगळ्याचा कणा म्हणजे ‘तातडीचं’ कशाला म्हणायचं याची यादी. अमेरिकन असोसिएशनच्या यादीत दोन स्तर होते. पहिला जिवावरचा: न थांबणारा रक्तस्राव, श्वास अडवेल अशी पसरती सूज, चेहऱ्याच्या हाडांना असा मार की श्वासमार्ग धोक्यात यावा. दुसरा लवकर बघायला हवा असा: नसेची तीव्र वेदना, गळू, अक्कलदाढेभोवतीची सूज, दात पडल्यावर किंवा हलल्यावर करायचे उपचार, वगैरे. या दुसऱ्या यादीत एक ओळ अगदी माझ्या दाढेची होती: रूट कॅनालसाठी उघडलेल्या दाताचं तात्पुरतं फिलिंग बदलणं, पण रुग्णाला वेदना होत असतील तर.

‘पण’नंतरचे ते शब्द मी नंतर कितीदा तरी आठवले. फिलिंग झिजलंय, हे मला जिभेला कळत होतं. दुखायच्या आधी ते बदलणं दोन मिनिटांचं काम होतं. पण दुखत नव्हतं, म्हणून ते तातडीचं नव्हतं. आणि दुखायला लागलं तेव्हा नुसतं फिलिंग बदलून भागणारं नव्हतं.

सुरुवात चावताना झाली. दाढ बाकीच्या दातांपेक्षा उंच झाल्यासारखी वाटायची, वरचा दात तिच्यावर टेकला की कळ यायची. दाढ वाढलेली नसते, मुळाच्या टोकाशी सूज येते आणि ती दाढेला खालून वर ढकलते. मग रात्रीचा ठणका सुरू झाला. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाढ नाडीसारखी उडायला लागते. उशा रचून अर्धवट बसून झोपणं हा पहिला उपाय मी कुणी न सांगता शोधला. पुढे डॉक्टरांनीही तोच सांगितला.

माझ्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होता, पण ते फोन उचलत होते. याची किंमत तेव्हा कळली. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, फोनवर सल्ला देणाऱ्या एका सहकारी डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला, कारण स्वतः ते विलगीकरणात होते. दुसरी गोष्ट त्या वेळी किरकोळ वाटली: पहिल्या सिटिंगचा एक्स-रे आणि प्रत्येक नळीची मोजलेली लांबी त्यांनी मला मेसेज करून ठेवली. ‘कुणीही दुसरा डॉक्टर हात लावेल तर त्याला हे लागेल,’ एवढंच म्हणाले.

व्हिडिओवरून दाढ दाखवणं हा स्वतंत्र उद्योग आहे. शेवटची दाढ असेल तर विचारूच नका. सेल्फी कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही, मागचाच कॅमेरा हवा, म्हणजे फोन दुसऱ्या कुणीतरी धरायला हवा. चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला ओढायचा, दुसऱ्याच्या हातात टॉर्च, आणि फोटो काढायच्या आधी श्वास रोखायचा, नाहीतर लेन्सवर वाफ धरते. लाळ कापसाने टिपली नाही तर हिरडीवर नुसता प्रकाश चमकतो आणि सूज कळत नाही. माझ्या भावाने काढलेल्या फोटोंपैकी बरेचसे माझ्या पडजिभेचे होते. बाईंनी आणखी एक फोटो रोज काढायला सांगितला: चेहरा समोरून, मास्कशिवाय, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी. गालाची सूज आरशात रोज बघितली की डोळा सरावतो. दोन फोटो शेजारी ठेवले की फरक लपत नाही. हा फोटो पुढे फार उपयोगी पडला.

त्यांचे प्रश्न मी नंतर कागदावर उतरवून ठेवले, कारण त्यातले निम्मे माझ्या डोक्यातही आले नसते. ताप आहे का? तोंड किती उघडतं, उभी तीन बोटं मावतात का? गिळताना त्रास होतो का, थुंकी आत न जाता बाहेर गळते का? जिभेखालचा भाग बोटाने दाबला तर मऊ लागतो की कडक? आवाज बदललाय का? डोळ्याखाली सूज आलीय का? आणि एक मला फार आवडलेला प्रश्न: जबड्याच्या खालच्या हाडाची कड बोटाला लागते का? सूज गालातच असेल तर ती कड चाचपता येते. कड हरवली, म्हणजे सूज हाडाखाली गळ्याकडे उतरतेय. याखेरीज मधुमेह, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण, औषधांची अ‍ॅलर्जी.

पहिल्या व्हिडिओला यातलं काहीच नव्हतं, फक्त ठणका. बाईंनी अँटिबायोटिक द्यायला साफ नकार दिला. मी चिडले. सगळी माणसं अँटिबायोटिक घेऊन दिवस काढत होती आणि मला ते मिळेना! त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘नस काढलेल्या दाढेच्या आत रक्तच पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार? सूज आली, ताप आला, संसर्ग बाहेर पसरायला लागला, की मी स्वतः लिहून देईन.’ हा त्यांचा आगाऊपणा नव्हता. अमेरिकन डेंटल असोसिएशनची २०१९ची सूचनाही तेच सांगते: दाताच्या बहुतेक दुखण्यांवर अँटिबायोटिक नको, दातावरचा उपचार आणि वेदनाशामकं हवीत. महासाथीत नेमका दातावरचा उपचार तेवढा मिळत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

वेदनाशामकाचंही तेव्हा एक नाटक झालं होतं. मार्चच्या मध्यावर फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी कोविडमध्ये आयबुप्रोफेन टाळा असं म्हटलं आणि ते वाक्य फॉरवर्ड होत होत आमच्या घरच्या ग्रुपवर ‘आयबुप्रोफेन घेतलं की कोविड होतो’ इथपर्यंत पोचलं. जागतिक आरोग्य संघटनेने काही दिवसांतच, आम्ही ते टाळायला सांगत नाही, असा खुलासा केला. तो मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही. दाताच्या वेदनेवर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतल्याने जितका आराम पडतो तितका एकेकट्या गोळीने पडत नाही. बाईंनी दोन्ही गोळ्यांच्या वेळा ठरवून दिल्या आणि पोटाचा, किडनीचा, दम्याचा त्रास नाही ना हे आधी विचारून घेतलं. एक ताकीद मात्र दोनदा दिली: पॅरासिटामॉल चोवीस तासांत एकूण चार ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि सर्दीच्या गोळ्यांतही ते असतं, तेही धरून मोजा. दाढ दुखणारा माणूस रात्री तीनला हिशोब ठेवत नाही. यकृताला इजा होईपर्यंत गोळ्या खाल्लेल्या लोकांत दातदुखीचे रुग्ण असतात, असं त्या म्हणाल्या. मी फ्रिजवर कागद चिकटवला आणि वेळा लिहायला लागले.

शेक द्यायचा नाही, हेही त्यांनीच सांगितलं. शेजारच्या काकूंनी गरम फडक्याचा आग्रह धरला होता. गालावर बाहेरून उष्णता दिली की सूज बाहेरच्या बाजूला ओढली जाण्याची भीती असते. लवंगेचं तेल कापसावर एक थेंब, दाढेच्या खड्ड्यात, चालेल. हिरडीवर ओतायचं नाही, भाजतं. आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरायची नाही, तिने तोंडातली त्वचा पांढरी होऊन सोलवटते. या शेवटच्या गोष्टीचा सल्ला मला तीन वेगवेगळ्या शिकलेल्या माणसांनी दिला होता.

मग एका सकाळी गाल सुजलेला होता. विचित्र म्हणजे ठणका कमी झाला होता. पू हाडातून बाहेर पडून मऊ भागात आला की दाब सुटतो आणि दुखणं उतरतं. बरं वाटायला लागतं तेव्हाच आजार पुढच्या पायरीवर गेलेला असतो. थर्मामीटर शंभरच्या वर. तोंडात जेमतेम दोन बोटं मावत होती. खिडकीपाशी काढलेले दोन फोटो पाठवल्यावर बाईंनी लगेच अँटिबायोटिक लिहून दिलं आणि म्हणाल्या, ‘हे फक्त पसरणं रोखायला. पू बाहेर काढल्याशिवाय हे संपणार नाही. आजच रुग्णालयात जायचं.’

आणि इथे ताप आडवा आला.

दाताच्या संसर्गाने ताप आला म्हणून माझी दाढ आता खरोखर तातडीच्या यादीत बसली होती. पण त्याच तापाने मला दारातच थांबवलं. पहिल्या रुग्णालयाच्या फाटकावर कपाळासमोर ताप मोजायची ती बंदूक धरली, आकडा बघितला आणि सांगितलं, दंतविभागात ताप असलेला रुग्ण घेत नाही, ताप तपासणी कक्षात जा. ताप तपासणी कक्षात खोकला आहे का, वास येतो का, प्रवास केलाय का, सगळं विचारलं. मी दाढ दाढ म्हणत राहिले. मास्क उतरवून गाल बघायला कुणी तयार नव्हतं, आणि त्यांना दोष देता येत नाही, तेव्हा रुग्णाने मास्क उतरवणं हीच सगळ्यांत मोठी भीती होती. नाकातून स्वॅब घेतला. रिपोर्ट येईपर्यंत घरी बसा.

रांगेत मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी हळूच सल्ला दिला, ‘ताई, पॅरासिटामॉल घ्या, तासाभराने पुन्हा या, ताप दिसणार नाही.’ असं करून किती जण आत गेले असतील देव जाणे. मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण आत जाऊन ज्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात हात घालायचा, त्यांनाच फसवून तोंड उघडायचं हे पटेना. शिवाय खरंच कोविड असता तर?

घरी येऊन बाईंना फोन लावला. त्यांनी जे केलं ते या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात कामाचं. त्यांनी एका पानाचं पत्र लिहिलं. मी आधी काढलेली कागदपत्रं ‘रुग्णाला दातदुखी आहे’ असं सांगत होती. या पत्रात सुरुवातीलाच होतं: तापाचं संभाव्य कारण दाताचा संसर्ग, खालच्या डाव्या दाढेतून गालात पसरणारी सूज, तोंड उघडणं कमी झालेलं, वाढ चोवीस तासांतली, सोबत तारखेसह फोटो. श्वास आणि गिळणं सध्या ठीक. पू काढण्याची गरज. आणि पत्र दंतविभागाच्या नावे नव्हतं, तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रिया विभागाच्या नावे होतं. त्यांनी तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोनही केला होता.

अशा सुजेला डॉक्टर इतकं का बिचकतात, हेही त्यांनी सांगितलं. १८३६ साली लुडविग नावाच्या जर्मन वैद्याने खालच्या दाढांतून सुरू होणाऱ्या एका संसर्गाचं वर्णन केलं. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी लाकडासारखी कडक सूज येते, जीभ वर आणि मागे ढकलली जाते, आणि माणूस गुदमरतो. अँटिबायोटिक्स नव्हती तेव्हा या आजाराचे अर्ध्याहून अधिक रुग्ण दगावत. ‘तुम्हाला ते झालेलं नाही,’ बाई म्हणाल्या, ‘पण रात्री थुंकी गिळता आली नाही, आवाज घोगरा झाला किंवा आडवं पडून श्वास घेता येईना, तर पत्र-बित्र काही बघायचं नाही, सरळ अपघात विभागात जायचं.’ त्या रात्री मी दर थोड्या वेळाने उठून जिभेखाली बोट दाबून बघत होते.

दुसऱ्या रुग्णालयात जाताना रस्त्यावरच्या पोलिसाला पत्र दाखवलं, त्याने गालाकडे बघून वाचायचीही तसदी घेतली नाही. फाटकावर बंदुकीत ताप दिसलाच. पण इथे व्यवस्था वेगळी होती. तापाचे रुग्ण परत पाठवायचे नाहीत, वेगळ्या दाराने वेगळ्या खोलीत घ्यायचे. त्यांना आपण बाधित आहोत असंच धरून सगळं करायचं. खरं तर एवढंच हवं होतं. ताप आहे म्हणून दार बंद करण्याऐवजी दुसरं दार. त्यासाठी खोली लागते, माणसं लागतात, पीपीई किट लागतं, आणि एप्रिलमध्ये ते सगळीकडे नव्हतं, हेही खरं.

बाहेर अंतर सोडून खुर्च्या मांडल्या होत्या. माझ्या पुढच्या खुर्चीवरच्या ताईंना ताप नव्हता, सूज नव्हती. वरच्या दाताला कीड लागून नसेपर्यंत गेलेली. गार पाण्याने जीव जायचा, रात्र-रात्र झोप नाही. त्या मास्कमधून मोठ्याने बोलत होत्या, म्हणून सगळ्यांनाच ऐकू येत होतं. त्यांना सांगण्यात आलं होतं की आज दात काढून मिळेल. रूट कॅनाल हवं असेल तर थांबावं लागेल, कधीपर्यंत ते सांगता येत नाही. ‘दात चांगला आहे म्हणतात, आणि काढा म्हणतात,’ त्या म्हणाल्या. घरात आजारी सासूबाई, रोज येणं शक्य नाही. त्यांनी काढायचं ठरवलं.

माझा नंबर आल्यावर मी डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच विचारला: माझीही काढणार का? डॉक्टर दोन थरांच्या कपड्यांत, वर गाऊन, एन-९५वर आणखी एक मास्क, त्यावर फेसशील्ड. बोलणं आतून येत होतं, मला अर्धं ओठ वाचावं तसं डोळे वाचून कळत होतं. त्यांनी फोनवरचा जुना एक्स-रे बघितला. तोंडातला एक्स-रे ते काढत नव्हते, फिल्म आत ठेवली की उमासा येतो, खोकला येतो. त्यांनी सगळ्या जबड्याचा बाहेरून काढायचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढला. मग म्हणाले, ‘तुमची वाचू शकते. कारण ती आधीच उघडलेली आहे.’

एवढं ऐकून मला काही कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. फवारा उडतो तो दाढ कोरताना, एनॅमल फोडून आत जाताना. एकदा आत शिरलं की नळ्या साफ करणं हाताच्या बारीक फाइलींनी आणि सिरिंजमधल्या द्रावणाने होतं, त्यात एअरोटर लागत नाही. माझ्या दाढेचं कोरून झालं होतं. वरचं तात्पुरतं सिमेंट तर छोट्या चमच्यासारख्या हत्याराने खरवडून काढता येतं. त्या ताईंच्या दाताला मात्र एनॅमलपासून सुरुवात करायची होती. एअरोटर लावला तर त्यानंतर ती खोली तासभर मोकळी ठेवावी लागणार, मग सगळं पुसून घ्यायचं, नवीन किट घालायचं. तेवढ्या वेळात बाहेरच्या खुर्च्यांवरच्या किती जणांचे दात काढून होतात. ‘सोडून देण्यासारखा दात नव्हता तो,’ असं डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या कामाला लागले.

म्हणजे माझी पोखरलेली, मधेच सोडलेली, पू झालेली दाढ वाचणार होती आणि त्यांचा त्यामानाने धडधाकट दात जाणार होता. दात किती चांगला आहे याच्याशी या निर्णयाचा संबंधच नव्हता. खोलीत हवा किती वेळ थांबते यावर ते ठरत होतं. मी नंतर जेव्हा जेव्हा ‘महासाथीत तातडीची दंतसेवा चालू होती’ असं वाक्य वाचलं, तेव्हा मला हे आठवलं. चालू होती, बरोबर. त्या चालू सेवेत बऱ्याच जणांना मिळाला तो एकच उपचार: दात काढणं.

आधी पोव्हिडोन आयोडीनच्या पाण्याने मिनिटभर चूळ. मग भूल. सुजलेल्या, पू झालेल्या भागात भूल नीट चढत नाही. तिथलं आम्लपण वाढलेलं असतं आणि औषध नसेत शिरत नाही. म्हणून त्यांनी सुजेपासून लांब, मागे जबड्याच्या कोपऱ्यात सुई दिली. तोंड पूर्ण उघडत नसताना तिथपर्यंत पोचायला त्यांना जी कसरत करावी लागली ती आणि मला जे झालं ते, दोन्ही लिहीत नाही. मग दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला, फक्त दाढ बाहेर, तोंड झाकलेलं. शेजारी मोठ्या सक्शनची नळी. फेसशील्डच्या आत त्यांच्या चष्म्यावर वाफ धरत होती, मधेच थांबून ते मान हलवायचे, वाफ जाईपर्यंत वाट बघायचे, कारण हात लावायची सोय नाही.

सिमेंट निघालं आणि पू वर आला. दुखण्यातून सुटण्याचा इतका झटपट अनुभव मी दुसरा घेतलेला नाही. हिरडीवर जिथे सूज टेकली होती तिथेही छोटी चीर देऊन निचरा केला. जुन्या डॉक्टरांनी पाठवलेल्या लांब्या भिंतीवरच्या कागदावर उतरवल्या होत्या, त्या बघून त्यांनी नळ्या धुतल्या. त्या नसत्या तर मुळाचं टोक कुठे आहे हे शोधायला तोंडातला एक्स-रे किंवा वेगळं यंत्र लागलं असतं, आणि ते त्या खोलीत त्या दिवशी नव्हतं. ‘लांबी माहीत नसती तर मी नुसता निचरा करून थांबलो असतो,’ ते म्हणाले. पुन्हा औषध भरलं आणि वर या वेळी ग्लास आयोनोमर लावलं. ते जुन्या सिमेंटसारखं चटकन झिजत नाही. ‘हे टिकेल. काही महिने लागले तरी टिकेल. पण त्या बाजूने चावायचं नाही.’

पुढचं लवकर सांगता येईल. स्वॅबचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, ताप उतरला, गाल हळूहळू जागेवर आला, तोंडात पुन्हा तीन बोटं मावायला लागली. अँटिबायोटिकचा ठरवून दिलेला कोर्स संपवला. बाई रोज खिडकीपाशी काढलेला फोटो मागवत राहिल्या. सूज गेल्यावरही काही दिवस मागवला. पैसे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाहीत, मीच विचारून पाठवले.

नळ्या कायमच्या भरायचं काम नेहमीच्या डॉक्टरांनी दवाखाना उघडल्यावर केलं. तोपर्यंत उन्हाळा संपला होता. ऑगस्टच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने, साथ जोरात आहे तिथे दातांची गरजेची नसलेली कामं अजूनही लांबवा, असं सांगितलं आणि बातम्यांत ‘दातांच्या डॉक्टरकडे जाऊ नका’ असे मथळे आले. दंतवैद्यांच्या संघटना त्यावर उखडल्या, तेही योग्यच होतं. त्या सूचनेत तातडीच्या उपचारांना ना नव्हतीच, पण मथळा वाचून किती जणांनी सूज अंगावर काढली असेल. माझ्या ओळखीत दोघांनी काढली.

कॅप बसवायला मात्र एअरोटर लागतोच, दाढेला आकार द्यावा लागतो. ती वेळ आली तेव्हा दवाखान्यात दोन रुग्णांच्या मधे मोकळा वेळ सोडत होते, खिडक्या उघड्या होत्या, वाट बघायच्या खोलीत फक्त मी. बिलात किटचा वेगळा आकडा होता. डॉक्टरांना मी त्या लांब्यांच्या मेसेजबद्दल सांगितलं. दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्या भिंतीवर चिकटवल्या होत्या हे ऐकून ते खूश झाले. मग त्यांनी सहायकाला हाक मारली आणि सांगितलं की आजपासून काम अर्धवट ठेवलेल्या प्रत्येक रुग्णाला एक्स-रे, नळ्यांची लांबी आणि आत कुठलं औषध ठेवलंय ते मेसेज करून मगच घरी पाठवायचं. सहायकाने विचारलं, आधीच्या रुग्णांनाही? डॉक्टर म्हणाले, त्यांना आधी, आणि दोघं यादी काढून बसले.